वाचनालयातील संगणक : मांडणी सोपी कशी व्हावी?

आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, तो प्रथम ऐकताना रूक्ष वाटण्याचा संभव आहे. एखादे सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर बसवताना आज्ञांची एक यादी चालवावी लागते. त्या धंद्यातील मंडळी तिला ‘इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट’ म्हणतात. ही यादी सोपी कशी करावी, हा आजचा विषय. परंतु या रूक्ष विषयाशी आपल्या गावोगावच्या वाचनालयांचे भवितव्य थोडेफार बांधले गेले आहे, असे मला वाटते; आणि म्हणूनच तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद किंवा गोवा, कोठेही गेलो तरी मराठी माणसाने आपल्याबरोबर वाचनालय नेले असल्याचे दिसते. अशा संस्थांपाशी पैसा बेताचा असतो, पगारी माणसे एक-दोन असतात आणि बाकीचा कारभार हौसेने चालतो. पुस्तके मात्र हजारोंनी असतात, व त्यांतील पुष्कळशी आज बाजारात मिळत नाहीत. त्या पुस्तकांची सूची संगणकावर आणावी, सभासदाला घरबसल्या पुस्तक आहे की नाही हे कळावे, देवघेवीचा हिशेब चोख राहावा, अशी इच्छा कार्यकारी मंडळाला आज ना उद्या होतेच. तेव्हा दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे एखाद्या कंपनीला वर्षासन देऊन तिच्या संगणकावर आपली सूची ठेवावी. दुसरी म्हणजे सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर बसवावे आणि सूची आपल्या ताब्यात ठेवावी. पहिली वाट सोयीची खरी. परंतु वर्षासन थांबले की सूचीचे काय, हा प्रश्न करारात आधीच मिटवला नसेल तर तो पुढे छळतो. दुसऱ्या वाटेवर मालकी आपली राहते. त्या वाटेच्या तोंडाशी मात्र मांडणीचा उंबरठा आहे, आणि तो किती उंच असावा हाच आजच्या भाषणाचा मुद्दा.

उदाहरण म्हणून मी ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर घेतो. कोहा हा न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा शब्द असून त्याचा अर्थ भेटवस्तू असा आहे. त्या देशातील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय-विश्वस्तमंडळापुढे 1999 साली एक अडचण उभी राहिली. त्यांची जुनी संगणक-व्यवस्था 2000 साल उगवताच तारखांच्या घोळात सापडणार होती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी कटिपो नावाच्या एका छोट्या कंपनीकडून वेबवर चालणारी नवी व्यवस्था लिहून घेतली. 3 जानेवारी 2000 रोजी ती कामाला लागली. विश्वस्तांनी ती आपल्यापुरती न ठेवता जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना देऊन टाकली. कोणीही ती घ्यावी, वापरावी, बदलावी आणि पुढे द्यावी. आज जगातील हजारो ग्रंथालये ती वापरतात. आपल्या देशातही विद्यापीठांपासून सार्वजनिक वाचनालयांपर्यंत तिचा प्रसार झाला आहे.

आता भेट मिळाली, पण ती पेटी उघडावयाची कशी? कोहाच्या आरंभीच्या काळातील मांडणी पाहा. संगणकावर प्रथम लिनक्स हवे. त्यावर पाने दाखवण्यासाठी अपॅची, नोंदी साठवण्यासाठी मायएसक्यूएल, आणि पुढच्या आवृत्त्यांत शोध घेण्यासाठी झेब्रा. कोहा ज्या पर्ल भाषेत लिहिले आहे, तिचे अनेक छोटेमोठे घटक वेगळे गोळा करावयाचे, आणि त्यांतील एकाची आवृत्ती जुनी निघाली की तेथेच अडावयाचे. मग मुख्य मांडणीस आरंभ. संगणक एकामागून एक डझनभराहून अधिक प्रश्न विचारी. फायली कोठे ठेवू? डेटाबेसचे नाव काय? तो कोणत्या यंत्रावर आहे, कोणत्या पोर्टवर ऐकतो? पासवर्ड काय? ग्रंथनोंदीचा नमुना मार्क-21 की युनिमार्क? शोधाची भाषा कोणती? या सर्वांना उत्तरे दिल्यावर अपॅचीची व्यवस्था हाताने जोडावयाची, काही मूल्ये संगणकाच्या परिसरात नोंदवून ठेवावयाची, आणि मग पहिले पान दिसते की नाही ते पाहावयाचे.

हे सारे लिहिणारी माणसे बेफिकीर होती असे कोणी समजू नये. अशा यादीतील प्रत्येक ओळ कोणाच्या तरी अडचणीची आठवण असते. एखाद्याच्या यंत्रावर डेटाबेस दुसरीकडे होता, म्हणून एक प्रश्न वाढला. दुसऱ्याला युनिमार्क हवा होता, म्हणून आणखी एक वाढला. अनुभव साचत गेला, तशी यादी लांबत गेली. परंतु ज्याला हा अनुभव नाही, त्या ग्रंथपालापुढे ती यादी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसारखी उभी राहते, आणि तीही न शिकवलेल्या विषयाच्या.

परिणाम काय होतो? वाचनालयाला एखादा हुशार तरुण मिळतो. तो रात्री जागून मांडणी पुरी करतो. सहा महिन्यांनी त्याला पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी लागते. त्याने कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर दिले, ते कोठेच लिहिलेले नसते. यंत्राची हार्डडिस्क निकामी होते, तेव्हा नुसता संगणक बिघडत नाही. दोन वर्षे खपून भरलेली सूचीच धोक्यात येते. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य कागदावर शाबूत असते, पण ते भोगण्याची शक्ती संस्थेत उरलेली नसते. मांडणी सोपी करणे हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

सोपी करणे म्हणजे मात्र यादी आखूड करणे नव्हे. दहा ओळींची यादी दुर्बोध असू शकते आणि तीनशे ओळींची यादी सुबोध असू शकते. बसवणाऱ्या माणसाने किती निर्णय घ्यावयाचे आणि ते घेण्याजोगी माहिती त्याच्यापाशी आहे काय, हे पाहावयास हवे. यादी विचारते त्या प्रश्नांचे तीन ढीग करावेत. पहिला ढीग यंत्र स्वतःच शोधून काढू शकेल अशा प्रश्नांचा. स्मृती किती आहे, डिस्कवर जागा किती आहे, लिनक्सची आवृत्ती कोणती आहे, हे माणसाला का विचारावे? दुसरा ढीग कोणतेही समंजस उत्तर चालेल अशा प्रश्नांचा. डेटाबेसचे नाव आणि त्याचा पासवर्ड हे त्यांतील. पासवर्ड यंत्राने स्वतः अटकळ बांधता येणार नाही असा तयार करावा. माणसाला विचारला तर तो ‘वाचनालय123’ असाच काहीतरी देणार. तिसऱ्या ढिगात ज्यांचे उत्तर संस्थेलाच ठाऊक आहे असे प्रश्न उरतात. संस्थेचे संक्षिप्त नाव, तिचा वेबवरील पत्ता, कारभाऱ्याचा ईमेल. हे दोन-चार प्रश्न तेवढे विचारावेत, सगळे आरंभीच विचारावेत, आणि मग माणसाला मोकळे करावे.

कोहाच्या बाबतीत पुढे नेमके असेच घडले. डेबियन या लिनक्स-परिवारासाठी कोहाचे तयार पुडके निघाले, व लागणारे सर्व घटक त्याच्या पाठोपाठ आपोआप येऊ लागले. त्या पुडक्यात ‘कोहा-क्रिएट’ नावाची एक आज्ञा आहे. तिला वाचनालयाचे संक्षिप्त नाव दिले की ती त्या नावाचा डेटाबेस उभारते, पासवर्ड बनवते, यंत्रावर त्या वाचनालयासाठी वेगळा वापरकर्ता निर्माण करते, अपॅचीची जोडणी करते आणि शोधयंत्रणा सिद्ध करते. पत्ता, पोर्ट इत्यादी सामाईक गोष्टी एका फायलीत एकदाच लिहून ठेवावयाच्या. एकाच यंत्रावर अशी अनेक वाचनालये शेजारी-शेजारी नांदू शकतात. म्हणजे तालुक्यातील पाच संस्थांनी मिळून एक यंत्र घेतले तरी प्रत्येकीची सूची स्वतंत्र राहते. शिवाय रोजच्या रोज नोंदींची प्रत काढून ठेवण्याची व्यवस्था या पुडक्याबरोबरच येते. जेथे पूर्वी वाकबगार माणसाचे दिवस जात, तेथे आता काळजीपूर्वक वाचणाऱ्या ग्रंथपालाची एक दुपार पुरते.

या जागी बडोद्याच्या श्रोत्यांना एक जुनी गोष्ट आठवेल. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांना बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात फिरत्या ग्रंथालयांची योजना होती. निवडलेली पुस्तके लाकडी पेटीत भरून ती पेटी खेड्याकडे पाठवली जाई. खेड्याने पुस्तकांची निवड करावी, खरेदी करावी, वर्गीकरण करावे अशी अपेक्षा नव्हती. पेटी सांभाळणारा एक जबाबदार माणूस असला की पुरे होते. शहाणपणाचे काम आधीच एका जागी झालेले असे. चांगल्या मांडणी-यादीचे तत्त्व याहून वेगळे नाही. 2013 पासून प्रसिद्धीस आलेली डॉकर ही पद्धत तर सॉफ्टवेअर आणि त्याचा सारा परिसर अक्षरशः एका पेटीत भरून पाठवते.

तथापि, श्रोतेहो, सोपेपणाचीही किंमत असते, आणि ती बहुधा दूरच्या माणसाला द्यावी लागते. हे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. कोहाच्या त्या सोप्या मांडणीत शोधाची भाषा कोणी विचारीत नाही. ती इंग्रजी गृहीत धरलेली असते. बहुसंख्यांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु देवनागरी सूचीसाठी झेब्राला आयसीयू नावाची, युनिकोडमधील सर्व लिप्या जाणणारी अक्षर-पद्धती वापरावयास सांगावे लागते. त्यासाठी एका फायलीतील थोड्या ओळी बदलून सगळी शोधसूची नव्याने बांधावी लागते. ही गोष्ट ठाऊक नसलेला ग्रंथपाल मांडणी पूर्ण करतो, इंग्रजी पुस्तके शोधून पाहतो, सर्व ठीक आहे असे समजतो. मराठी पुस्तकांच्या शोधात मात्र जोडाक्षरे आणि मात्रा यांच्यापाशी घोटाळे होतात, आणि पुस्तक कपाटात असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर सभासदाला मिळण्याची पाळी येते. पूर्वीच्या लांबलचक प्रश्नावलीत हा प्रश्न निदान समोर येत असे. प्रश्न काढून टाकल्याने तो मिटला नाही, तो नजरेआड झाला.

म्हणून सोपे करणे आणि लपवणे यांत भेद केला पाहिजे. यादीने एखादी गोष्ट गृहीत धरली, तर शेवटी तसे स्पष्ट सांगावे. ‘शोधाची भाषा इंग्रजी ठेवली आहे, आपली सूची देवनागरीत असेल तर अमुक फाईल पाहा.’ एवढी एक ओळ कित्येक वाचनालयांचे श्रम वाचवील. आज कोहात झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च हाही पर्याय आहे. परंतु कोणता पर्याय आपल्या लिपीला मानवतो, हे पाहण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. न्यूझीलंडमधील सद्गृहस्थांना आपल्या जोडाक्षरांची चिंता आपण सांगितल्याखेरीज कळणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तशी सूचना, किंबहुना तशी दुरुस्तीच, पाठवता येते. भेटवस्तूची परतफेड करण्याचा हा एक मार्ग आहे.

आता अशा याद्या लिहिणाऱ्या तरुण मित्रांसाठी चार गोष्टी सांगतो. आपल्या श्रोत्यांत तेही असतील.

पहिली गोष्ट, आरंभी तपासणी करावी. जागा अपुरी आहे, आवृत्ती जुनी आहे, पोर्ट दुसऱ्याने व्यापले आहे, हे सर्व काम सुरू करण्यापूर्वी पाहावे. अर्ध्या वाटेवर थांबलेली मांडणी न केलेल्या मांडणीहून वाईट असते.

दुसरी गोष्ट, फसल्यास थांबावे. लिनक्सचा शेल हा मोठा आज्ञाधारक सेवक आहे. एक आज्ञा फसली तरी, मुद्दाम बजावले नसेल तर, तो निमूटपणे पुढची पाळू लागतो. ‘अमुक फोल्डरमध्ये जा’ ही आज्ञा फसली आणि त्यापुढची आज्ञा ‘येथील सर्व पुसून टाक’ अशी असली, तर तो भलत्याच ठिकाणचे पुसून टाकील. यास्तव चूक होताच थांबण्याची ताकीद यादीच्या डोक्यावरच लिहावी. आणि थांबताना काय बिघडले, आता काय करावे, हे साध्या भाषेत सांगावे.

तिसरी गोष्ट, यादी दुसऱ्यांदा चालवली तरी अपाय होता कामा नये. वीज जाते, इंटरनेट तुटते, माणूस घाबरून पुन्हा आरंभ करतो. अशा वेळी ‘फोल्डर नसेल तरच तयार कर, डेटाबेस असेल तर त्याला हात लावू नको’ अशा रीतीने आज्ञा लिहिलेल्या असाव्यात. आधी भरलेल्या नोंदींवर नवी कोरी सूची पसरणारी यादी कितीही सुटसुटीत असली तरी ती सोपी म्हणता येणार नाही.

चौथी गोष्ट विश्वासाची आहे. हल्ली पुष्कळ ठिकाणी एकच ओळ दिलेली असते. इंटरनेटवरून यादी आणा आणि तशीच्या तशी सर्वाधिकार देऊन शेलच्या स्वाधीन करा. ही ओळ मोहक आहे, पण तिचा अर्थ असा की, न वाचलेल्या कागदावर आपण अंगठा उठवीत आहोत. शिवाय मध्येच संपर्क तुटला तर अर्धीच यादी पाळली जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी जाणते लेखक सर्व आज्ञा एका गटात बांधतात व त्या गटाला अगदी शेवटच्या ओळीत हाक मारतात, म्हणजे यादी पुरी पोहोचल्याखेरीज काहीच घडत नाही. वापरणाऱ्याने मात्र यादी आधी उतरवून घ्यावी, नजरेखालून घालावी आणि मगच चालवावी. सर्व कळणार नाही. पण कोणकोणत्या फोल्डरांना ती हात लावते, एवढे तरी कळेल. वाचता येईल अशी यादी लिहिणे हेदेखील सोपेपणाचेच अंग होय.

या क्षेत्रात सुधारणा किती दूर जाऊ शकते, याचा एक दाखला देतो. वेबवरील पाने सुरक्षित करण्यासाठी प्रमाणपत्र लागते. पूर्वी त्यासाठी सामान्यतः पैसे भरावे लागत, अर्ज करावे लागत, फायली हाताने बसवाव्या लागत. मुदत संपली की पुन्हा तेच. 2015 च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा सर्वांना खुली झाली. ती प्रमाणपत्र विनामूल्य देते, आणि ते मागण्याचे, बसवण्याचे व मुदतीपूर्वी नवे करण्याचे काम यंत्रे आपसांत उरकतात. कोहा-क्रिएटमध्येही तिचा उपयोग करून घेण्याची सोय आहे. मात्र हे नूतनीकरण बिनबोभाट चालू आहे की बंद पडले आहे, हे कोणीतरी अधूनमधून पाहिलेच पाहिजे.

शेवटी वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना विनंती. आपण संगणक घेतला असेल किंवा घेणार असाल, तर बसवणाऱ्याला तीन गोष्टी मागा. मांडणी कोणत्या यादीने केली आणि कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले, हे आवक-जावक वहीजवळ ठेवता येईल अशा एका वहीत मराठीत लिहून घ्या. पासवर्ड मात्र पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. रोजची प्रत त्याच यंत्रावर न ठेवता दुसऱ्या जागीही जाते, याची खात्री करून घ्या. आणि वर्षातून एकदा, दुसऱ्या एखाद्या कोऱ्या यंत्रावर, ज्याने मूळ मांडणी केली नाही अशा माणसाकडून, ती वही आणि ती प्रत हाती देऊन सर्व व्यवस्था पुन्हा उभी करवा. तो जेथे अडेल, ते पान दुरुस्त करा. एखाद्या मराठी पुस्तकाचे नाव शोधून ते सापडते की नाही, हेही त्याच दिवशी पाहा.

हे काम वार्षिक सभेच्या आधीच्या आठवड्यात करावे असे मी सुचवीन; कारण तेव्हा मंडळी जमलेली असतात आणि अहवालात त्याची एक ओळ लिहिता येते.